सांधेवातात स्टेरॉइड: सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतचा क्रम

सांधेवाताच्या रुग्णांकडून स्टेरॉइडबाबत त्याच चार चुका पुन्हा पुन्हा होतात. तपासण्या न करता गोळी सुरू होते. आराम पडला की मूळ आजाराचं औषध सुटतं आणि नुसतं स्टेरॉइड चालू राहतं. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच पट्टी महिनोन्महिने आणली जाते. मग एक दिवस कुणीतरी "यानं हाडं ठिसूळ होतात" म्हणतं आणि गोळी एका रात्रीत बंद होते. ही शेवटची चूक जिवावर बेतू शकते.

डोस ठरवणं, वाढवणं आणि उतरवणं हे डॉक्टरांचं काम. पण गोळी कधी घ्यायची, साखर दिवसाच्या कुठल्या वेळी तपासायची, ताप आला तर काय करायचं, हे घरातच सांभाळावं लागतं आणि गफलत तिथेच होते.

आधी गोळी ओळखा

सांधेवातात सर्वांत जास्त दिलं जाणारं स्टेरॉइड म्हणजे प्रेडनिसोलोन (वायसोलोन, ओम्नाकॉर्टिल ही त्याची नेहमीची नावं). त्याशिवाय मिथाइलप्रेडनिसोलोन (मेड्रॉल), डेफ्लाझाकॉर्ट, डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन. यांचे मिलिग्रॅम एकमेकांशी जुळत नाहीत. प्रेडनिसोलोन ५ मिग्रॅ म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिग्रॅ, डेफ्लाझाकॉर्ट साधारण ६ मिग्रॅ आणि डेक्सामेथासोन फक्त ०.७५ मिग्रॅ. "अर्ध्या मिलिग्रॅमची तर गोळी आहे" म्हणून डेक्सामेथासोन हलकं समजू नका. ते शरीरात दीड-दोन दिवस काम करत राहतं आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड जास्त दाबतं, म्हणून सांधेवातात रोज घेण्यासाठी ते सहसा देत नाहीत.

मेडिकलमध्ये एक गोळी मिळाली नाही म्हणून दुसरी "त्यातलीच" घेऊ नका. मेड्रॉल १६ म्हणजे प्रेडनिसोलोन १६ नव्हे, २० होतं.

तालमीत किंवा जिममध्ये अंग कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइड्स वेगळ्या प्रकारची. त्यांचा या उपचाराशी संबंध नाही.

टप्पा १. तुमच्या आजाराला स्टेरॉइड लागतं का?

"संधिवात" या एका नावाखाली अनेक आजार येतात आणि प्रत्येकात उत्तर वेगळं आहे.

आमवातात, म्हणजे हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी तास-तासभर आखडलेले राहतात त्या आजारात, स्टेरॉइडनं काही दिवसांतच फरक पडतो. मिथोट्रेक्सेटसारख्या मूळ औषधाचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवरचा काळ निभावण्यासाठी बहुधा रोज ७.५ ते १० मिग्रॅ किंवा त्याहून कमी प्रेडनिसोलोन देतात आणि शक्यतो ३ महिन्यांच्या आत ते उतरवून बंद करायचं असं उद्दिष्ट असतं. काही जणांना डॉक्टर ते अजिबात देत नाहीत, आणि तेही बरोबर असू शकतं.

ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, मूत्रपिंड, मेंदू किंवा रक्तपेशींवर हल्ला झाला तर स्टेरॉइड जीव वाचवतं. तिथे २५० ते १००० मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून १ ते ३ दिवस देतात, पुढे गोळ्या. आजार आटोक्यात आला की रोजचा डोस ५ मिग्रॅ किंवा त्याखाली आणायचा असतो. इथे भीतीपोटी स्टेरॉइड नाकारण्यात धोका जास्त आहे.

पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि कंबर-मांड्या सकाळी इतक्या आखडतात की अंथरुणातून उठवत नाही, अशा पॉलिमायाल्जिया नावाच्या आजारात १२.५ ते २५ मिग्रॅनं विलक्षण फरक पडतो. पण डोस उतरवायला वर्ष किंवा जास्त लागतं.

गाऊटचा (युरिक ॲसिड साचून सांधा सुजण्याचा) झटका आला आणि नेहमीची वेदनाशामकं चालत नसतील तर ३० ते ३५ मिग्रॅ, फक्त ५ दिवस.

आता जिथे गोळी नको ते. वयानं झिजलेल्या गुडघ्याला रोजची स्टेरॉइडची गोळी नको. कणा आखडवणाऱ्या स्पॉन्डिलायटिसमध्येही ती दीर्घकाळ देत नाहीत. सोरायसिससोबतच्या सांधेवातात गोळी थांबवताना त्वचेचा आजार उसळू शकतो. त्वचा घट्ट होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मात १५ मिग्रॅच्या वरच्या डोसनं मूत्रपिंडावर अचानक संकट येऊ शकतं, म्हणून तिथे बीपीवर कडक नजर लागते. चिकुनगुन्याच्या तापात, सांधे कितीही धरले तरी, सुरुवातीच्या दिवसांत स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नका. तो ताप डेंग्यूचाही असू शकतो.

तपासा: आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहिलेलं आहे का? नुसतं "सांधेदुखी" लिहून स्टेरॉइड चालू झालं असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारा.

टप्पा २. न कळत आधीपासूनच चालू नाही ना?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, कागल, भुदरगड, कुठल्याही तालुक्यात जा, गुडघेदुखीवर "जडीबुटीची" पुडी किंवा कमरेत "ताकदीचं इंजेक्शन" घेतलेलं माणूस सापडतं. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. इंजेक्शन बऱ्याचदा ट्रायमसिनोलोन असतं, म्हणजे दीर्घकाळ काम करणारं स्टेरॉइडच.

शंका घ्यायची लक्षणं अशी: वर्षानुवर्षांचं दुखणं एक-दोन दिवसांत गायब होणं, भूक अचानक वाढणं, चेहरा गोल आणि तुकतुकीत होणं, पोटावर जांभळे पट्टे उमटणं, जरा धक्का लागला तरी कातडीखाली रक्त साकळणं, आणि पुडी संपली की आधीपेक्षा जास्त दुखणं. वेष्टणावर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले नसतील तर शंका पक्की समजा.

सावधान: अशी पुडी महिनाभर घेतली असेल तर ती लगेच फेकून देऊ नका. ती घेऊन डॉक्टरांकडे जा आणि "ही रोज इतकी, इतके दिवस घेतली" असं स्पष्ट सांगा. लाज बाळगून ही गोष्ट लपवली तर डॉक्टरांचा पुढचा सगळा हिशेब चुकतो. डॉक्टर तिच्या जागी मोजकं प्रेडनिसोलोन देऊन ते हळूहळू उतरवतील. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते, पण आधी उपचार.

टप्पा ३. गोळी सुरू होण्यापूर्वीच्या तपासण्या

दृष्टी किंवा मूत्रपिंड धोक्यात असेल तर तपासण्यांसाठी थांबत नाहीत. रक्त घेऊन ठेवतात आणि औषध सुरू करतात. बाकी वेळी दोन-तीन दिवस काढून एवढं करून घ्या:

– उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, सोबत एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर)
– बीपी आणि वजन, तारीख घालून वहीत
– छातीचा एक्स-रे. आपल्याकडे क्षयरोग भरपूर आहे आणि रोज १५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन महिनाभर गेलं तर दबलेला क्षय उठू शकतो
– हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही
– मूत्रपिंड, यकृत, सोडियम-पोटॅशियम
– डोळ्यांची तपासणी, घरात काचबिंदू असेल तर नक्कीच
– तीन महिन्यांहून जास्त चालणार असेल तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी

यात एक भर शेतकऱ्यांसाठी. उसाच्या चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांच्या पायातून स्ट्रॉन्जिलॉइड्स नावाचा जंत शरीरात शिरू शकतो. एरवी तो वर्षानुवर्षं गप्प बसतो. स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबली की तो अंगभर पसरून प्राणघातक होऊ शकतो. म्हणून "मी अनवाणी शेतात असतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. शौचाची तपासणी किंवा आधीच जंताचं योग्य औषध, हे ते ठरवतील.

लसींचा विषयही इथेच उरका. फ्लू आणि न्यूमोनियाची लस शक्यतो गोळीआधी घ्या. नंतरही चालते, परिणाम थोडा कमी होतो. रोज २० मिग्रॅ किंवा जास्त डोस दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी घ्यायच्या नाहीत.

टप्पा ४. चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या

दवाखान्यातून उठण्याआधी चिठ्ठीवर या चार गोष्टी दिसल्या पाहिजेत: रोजचा डोस मिलिग्रॅममध्ये (नुसतं "१ गोळी" नको, कारण गोळी ५ ची, १० ची, २० ची, ४० चीही मिळते); किती दिवस; पुढचा डोस कधी आणि किती; आणि सोबतचं मूळ औषध कोणतं.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्टेरॉइड सूज दाबतं, पण ते सोडायचं तर आजार धरून ठेवणारं दुसरं औषध आधी रुजलेलं असावं लागतं. आमवातात मिथोट्रेक्सेट, ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे नेहमीचे. मूळ औषध बंद करून स्टेरॉइड चालू ठेवणं हा सर्वांत वाईट सौदा आहे, कारण त्यात दुष्परिणाम वाढत जातात आणि आजार मात्र तिथेच राहतो.

सावधान: मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. स्टेरॉइड रोज चालू असल्यानं घरचे दोन्ही गोळ्या रोज देऊ लागतात आणि रक्तपेशी कोसळतात. मिथोट्रेक्सेटचा वार ठरवा, तो डबीवर ठळक लिहा आणि ती डबी रोजच्या गोळ्यांपासून वेगळी ठेवा. गरोदर असाल किंवा मूल हवं असेल तर मिथोट्रेक्सेट चालत नाही. हे आधीच सांगा.

टप्पा ५. रोजची गोळी

वेळ सकाळी, नाश्त्यानंतर, शक्यतो ८-९ च्या सुमारास. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड पहाटे-सकाळीच जास्त तयार होतं, त्याच लयीत गोळी बसते आणि रात्रीची झोप कमी बिघडते. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर संध्याकाळी घेऊ नका.

सकाळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचाच डोस घ्या, दुप्पट नको.

नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवसांचे उपवास असोत की रमजानचे रोजे, गोळी चुकवायची नाही. उपवासात दुधासोबत किंवा फराळानंतर, रोज्यात सहरीच्या वेळी घेता येते. उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः साखरेची औषधं चालू असतील तर.

दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक किंवा तत्सम वेदनाशामक त्यात स्वतःहून घालू नका. दोन्ही एकत्र आली की पोटात जखम होऊन रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर स्टेरॉइडचं नाव आणि डोस आधी सांगा. क्षयावरचं रिफॅम्पिसिन किंवा फिटवरचं फेनिटॉइन स्टेरॉइडचा परिणाम बराच कमी करतात. बुरशीवरचं इट्राकोनॅझोल तो वाढवतं. गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल आता सर्रास दिलं जातं, म्हणून हे ध्यानात ठेवा.

टप्पा ६. साखर चुकीच्या वेळी तपासू नका

सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोननं साखर दुपारनंतर चढते, संध्याकाळपर्यंत चढलेली राहते आणि रात्रीतून उतरते. त्यामुळे सकाळची उपाशीपोटीची साखर ९५ येते, घरात सगळे निर्धास्त होतात आणि दुपारी चारला तीच साखर २६० असू शकते. उपाशीपोटीच्या एका आकड्यावर विसंबून स्टेरॉइडनं वाढलेली साखर सापडत नाही.

म्हणून दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी, किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासा. मधुमेह नसेल तर पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा, डोस वाढला की पुन्हा, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी. मधुमेह असेल तर रोज. आकडा दोनदा २०० च्या वर गेला तर पुढच्या भेटीची वाट न पाहता फोन करा.

याची दुसरी बाजू तितकीच धोक्याची आहे. स्टेरॉइडसोबत इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या वाढवलेल्या असतात. पुढे स्टेरॉइड उतरतं, पण साखरेचं औषध तेवढंच राहतं आणि साखर एकदम खाली येते: घाम, थरथर, भोवळ. स्टेरॉइडचा डोस उतरवताना प्रत्येक वेळी विचारा, "आता साखरेचं औषधही कमी करायचं का?"

बीपी पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा मोजा; १४०/९० च्या वर राहिलं तर कळवा. स्टेरॉइड अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, तेव्हा दिवसभरात एक सपाट चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, एवढंच मीठ. कोल्हापूरच्या ताटात हे जड जातं, कारण मीठ रश्श्यापेक्षा बाजूला जास्त असतं: लोणचं, पापड, खर्डा, मिसळीवरचं फरसाण. तांबडा-पांढरा रस्सा कायमचा सोडा असं नाही. वाटी एक ठेवा आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको.

भूक खरोखरच वाढते, तो रुग्णाचा हावरटपणा नव्हे. घरच्यांनी टोमणे मारण्यापेक्षा गूळ-साखर, बेकरीचे पदार्थ समोर ठेवू नयेत आणि मोड आलेली उसळ, काकडी, ताक भरपूर ठेवावं. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी. चार-पाच दिवसांत दोन किलोच्या वर वाढलं आणि पाय सुजले तर ते पाणी आहे, डॉक्टरांना दाखवा.

झोप आणि स्वभाव यांवरही परिणाम होतो. चिडचिड, अति उत्साह, रात्रभर जागं राहणं हे बहुतेक वेळा डोस उतरला की निवळतं. रोज ४० मिग्रॅच्या वर डोस असताना भास होणं, संशय घेणं असं काही दिसलं तर लगेच दवाखाना.

टप्पा ७. हाडं: पहिल्या सहा महिन्यांतच जपा

स्टेरॉइडमुळे हाडांची झीज पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सर्वांत वेगानं होते. "वर्षभरानं बघू" म्हणेपर्यंत मणका दबलेला असतो. रोज अगदी २.५ मिग्रॅ जरी ३ महिन्यांहून जास्त चालणार असेल तरी हाडांचा विचार सुरुवातीलाच करायचा.

कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ. पाव लिटर दुधात ३०० मिग्रॅच्या आसपास मिळतं, म्हशीच्या दुधात जास्त. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिग्रॅ. म्हणजे दोन पेले दूध आणि नाचणीच्या दोन भाकऱ्या रोज पोटात जात असतील तर कॅल्शियमची गोळी कमी लागते. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा आणि सांगितलेले आठवडेच. ती रोज घेणं किंवा वर्षानुवर्षं चालू ठेवणं घातक आहे.

चाळिशीच्या पुढे, किंवा आधी हाड मोडलेलं असेल तर डॉक्टर बहुधा ॲलेन्ड्रोनेट ७० मिग्रॅ आठवड्यातून एकदा देतात. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, कॅल्शियमही नाही. चहासोबत घेतली तर ती अंगात जिरत नाही. घेऊन आडवं झालात तर अन्ननलिका भाजते.

तपासा: चालताना जांघेत दुखतंय का? खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याची ती पहिली खूण असू शकते. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्येच दिसतं. "आमवातच असेल" म्हणून गोळी वाढवू नका. जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, पण दुखत मात्र नाही, असं झालं तर स्टेरॉइडनं मांड्यांचे स्नायू अशक्त झाले असतील, तेही सांगा.

टप्पा ८. संसर्ग

स्टेरॉइड ताप दाबतं, त्यामुळे मोठा संसर्गही किरकोळ वाटतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटतं वजन यांपैकी काही असेल तर थुंकी तपासा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयासह सरकारी दवाखान्यांत ही तपासणी मोफत होते.

अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यानं आग होऊन फोड आले तर ती नागीण. लेप लावत बसू नका. विषाणूविरोधी औषध ७२ तासांच्या आत सुरू झालं तरच त्याचा पुरता उपयोग होतो.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं हा कोल्हापूरकरांचा आवडता रिवाज. स्टेरॉइड चालू असेपर्यंत तो थांबवा. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि जनावरांचा क्षय येऊ शकतो. दूध उकळूनच प्या. कॅल्शियम तेवढंच मिळतं. शेतात पायात बूट हवेत, आणि घरात कुणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

२० मिग्रॅ किंवा जास्त डोस महिन्याहून अधिक चालणार असेल तर फुप्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गाविरुद्ध कोट्रायमोक्साझोल द्यायचं का, हे विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

टप्पा ९. आजारपण, ऑपरेशन, पूर

तीन आठवड्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात किंवा कमी करतात. एरवी त्या रोज साधारण ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोनएवढं बनवतात, आणि आजारपणात कितीतरी जास्त. आता ती वाढीव गरज बाहेरूनच भागवावी लागते.

म्हणून आजारपणातला डोस आधीच लिहून घ्या. सर्वसाधारण पद्धत अशी: रोजचा डोस १० मिग्रॅपर्यंत असेल तर ताप असेपर्यंत ५ मिग्रॅ सकाळी आणि ५ मिग्रॅ संध्याकाळी, त्याहून जास्त असेल तर तोच डोस दोन वेळांत विभागून. पण तुमच्यासाठीचा आकडा डॉक्टरांच्या अक्षरात हवा.

सावधान: गोळी घेतल्यावर उलटी होऊन ती पडली आणि पुन्हा घेतली तरी पडली, तर थांबू नका. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅचं इंजेक्शन लागतं. कमालीचा अशक्तपणा, चक्कर, पोटदुखी, उलट्या, बीपी खाली जाणं ही ग्रंथी कोलमडल्याची लक्षणं आहेत. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य "स्टेरॉइड चालू आहे" हेच असू द्या. दात काढायचा असो की मोतीबिंदू, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही ते माहीत हवं.

पाकिटात एक कार्ड ठेवा: नाव, आजार, स्टेरॉइडचं नाव, डोस, केव्हापासून, घरचा फोन.

पावसाळ्यात आणखी एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा-कृष्णाकाठची गावं कित्येक दिवस तुटली होती. शिरोळ, हातकणंगले, करवीरच्या नदीकाठी राहत असाल तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या, चिठ्ठीच्या फोटोसह, पाणी न शिरणाऱ्या डबीत तयार ठेवा. घर सोडताना ती डबी कागदपत्रांसोबत निघाली पाहिजे.

टप्पा १०. सांध्यातलं इंजेक्शन

एकच सांधा सुजला असेल तर त्यातच इंजेक्शन देणं पुष्कळदा गोळीपेक्षा बरं. एका सांध्यात वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको. नंतर एक-दोन दिवस त्या सांध्याला विश्रांती द्या. मधुमेहींची साखर काही दिवस वाढते, तेव्हा रोज तपासा. पहिल्या दिवसात थोडं दुखणं वाढून उतरलं तर काळजी नाही. दोन-तीन दिवसांनी सांधा लाल, गरम होऊन दुखणं वाढत गेलं आणि ताप आला तर तो संसर्ग समजून त्याच दिवशी दाखवा.

टप्पा ११. डोस उतरवणं

तीन आठवड्यांच्या आतला छोटा कोर्स बहुधा तसाच थांबवता येतो, मात्र असे कोर्स वारंवार झाले असतील तर नाही. त्यापुढचं सगळं पायरीपायरीनं.

किती वेगानं उतरवायचं हे आजारावर अवलंबून आहे, पण रूढ चाल अशी: ४० मिग्रॅच्या वर असताना दर आठवड्याला ५ ते १० मिग्रॅ कमी, ४० ते २० मध्ये आठवड्या-दोन आठवड्यांनी ५ मिग्रॅ, २० ते १० मध्ये दोन ते चार आठवड्यांनी २.५ मिग्रॅ, आणि १० च्या खाली महिन्याला १ मिग्रॅ. रुग्ण वरच्या पायऱ्या भराभर उतरतात आणि १० वर आल्यावर "आता थोडीच राहिली" म्हणून सगळी सोडतात. खरी जोखीम ५ च्या आसपासच आहे. तिथून खाली शरीराला स्वतःची ग्रंथी पुन्हा चालवावी लागते आणि तिला वेळ लागतो.

२.५ मिग्रॅसाठी ५ ची साधी गोळी मधोमध मोडता येते. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची गोळी मोडायची नाही. मेडिकलवाल्याला विचारून खात्री करा. १ मिग्रॅची पायरी कशी जमवायची, हे चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण ती गोळी सगळीकडे मिळत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या तारखेला डोस बदलतो तिथे नवा आकडा लिहा.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांत अंग मोडून येतं, थकवा वाटतो, मन उदास होतं. इथे बहुतेक जण घाबरून डोस पुन्हा वर नेतात. आधी दोन प्रश्न विचारा. सांधे डोळ्यांना दिसतील असे सुजलेत का? सकाळचा ताठरपणा पाऊण तासाच्या वर गेलाय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ते बहुधा डोस कमी झाल्याचं दुखणं आहे. आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतं, त्याच पायरीवर थांबा. सूज खरोखर आली असेल, सीआरपी (रक्तातून सूज मोजणारी तपासणी) वाढला असेल, तर आजार उसळलाय. तेव्हाही थेट पहिल्या मोठ्या डोसवर न जाता ज्या पायरीवर बरं होतं तिथे परत जायचं असतं, आणि मूळ औषध पुरेसं आहे का हे डॉक्टर तपासतात. दरवेळी एकाच पायरीवर अडकत असाल तर मूळ औषध बदलण्याची वेळ आली आहे.

उलट्या, चक्कर, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, ही लक्षणं मात्र या दोन्हींत बसत नाहीत. टप्पा ९ मधली सावधानता तेव्हा लागू होते.

५ मिग्रॅच्या आसपास आल्यावर डॉक्टर सकाळी ८ ची कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासणी सांगू शकतात. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची, नाहीतर तपासणी वाया जाते. साधारणपणे १० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर ग्रंथी सावरली असं मानतात. ५ च्या खाली आला तर गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. मधला आला तर तोच डोस ठेवून काही आठवड्यांनी.

पन्नाशीपुढच्या रुग्णांना डोस उतरताना कानशिलात नवी डोकेदुखी, चावताना जबड्यात कळ किंवा नजर धूसर होणं असं काही झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा. डोळ्याच्या रक्तवाहिनीला सूज आली असेल तर गेलेली दृष्टी परत येत नाही.

गोळी पूर्ण थांबल्यावरही पाकिटातलं कार्ड वर्षभर तसंच ठेवा, त्यावर "बंद" आणि तारीख लिहून. त्या वर्षात मोठा ताप, अपघात किंवा ऑपरेशन झालं तर ग्रंथी कमी पडू शकते, आणि तेव्हा ते कार्ड तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातात पडलं पाहिजे. घरात उरलेल्या गोळ्या शेजारच्या गुडघेदुखीला देऊ नका. मेडिकलमध्ये परत करा.